मालमोटारीतला वारा

हडपसरला गाडीतळ नावाची जागा आहे. पुण्याहून पूर्वेकडे निघालेला मोठा रस्ता येथे दुभंगतो. एक फाटा लोणी काळभोरवरून सरळ सोलापूरला जातो. दुसरा उजवीकडे वळतो आणि दिवे घाट चढून सासवडला पोहोचतो. आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी एकमेकींचा निरोप घेतात त्याही हडपसरलाच. गाडीतळ हे नाव मात्र वारीने दिलेले नाही, ते मालवाहतुकीने दिलेले आहे. गाडी म्हणजे बैलगाडी आणि तळ म्हणजे मुक्कामाची जागा, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आज त्या नावाखाली दिवसरात्र ट्रकांची रांग धडधडत असते. बैल गेले, नाव राहिले.

बैलांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. गाडीवान गाडीच्या तोंडाशी उघड्यावर बसत असे. ऊन लागे, पाऊस लागे, धूळ तर पाचवीलाच पुजलेली. पण वाऱ्याला तो कधी पारखा झाला नाही. त्याची जागा मोटारचालकाने घेतली तेव्हा त्याला डोक्यावर छप्पर मिळाले, समोर काच मिळाली, दोहो बाजूंना दारे मिळाली, आणि पायांशी शंभर माणसांचे काम करणारे एक अग्निकुंड मिळाले. ह्या सगळ्या मिळकतीत वारा तेवढा हरवला. तो परत मिळविण्यासाठी सुमारे शंभर वर्षे जी खटपट चालली आहे, तिचा हा वृत्तांत.

कोणी म्हणेल, एंजिनाचा इतिहास लिहावा, रस्त्यांचा लिहावा. केबिनीतल्या वाऱ्याचा कसला इतिहास? पण आपल्या घरी येणारा कांदा, साखर, सिमेंट, औषध हे सारे त्या चार पत्र्यांच्या खोक्यात बसलेल्या माणसाच्या हातून येते. तो माणूस दहा-दहा, बारा-बारा तास कशात बसतो, काय श्वासतो आणि घाटातल्या वळणावर त्याचे डोके ठिकाणावर असते की नाही, हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या सुखाचा नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्यात गुंतलेला आहे.

आरंभीच्या मालमोटारींना केबिन म्हणावी अशी वस्तूच नव्हती. एक बाक, वर ताडपत्रीचे किंवा लाकडी छत आणि समोर जमले तर काच, एवढाच संसार. मुंबईला शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ साली जोडणीचा कारखाना काढला आणि शेवरोलेट गाड्या ह्या देशात जुळू लागल्या. तेव्हापासून मालमोटारीच्या व्यापारात एक रिवाज पडला, तो पुढे पाऊणशे वर्षे आणि त्याहून अधिक टिकला. कारखाना विकीत असे ती चॅसी: चाके, एंजिन, सांगाडा आणि फार तर समोरचा पत्रा. त्यावर केबिन आणि मागचा हौदा बांधून घेणे हे मालकाचे काम. मालक जाई सुताराकडे. सुतार लाकडाची चौकट उभी करी, तिला पत्रा ठोके, आतून फळ्या मारी, आणि बैलगाडी व टांगा बांधण्याच्या पिढीजात अकलेने त्या परदेशी धुडाला देशी घर देई.

ह्या सुतारी केबिनीला नावे ठेवण्याची पुढे फॅशन पडली. अपघातात ती काडेपेटीसारखी मोडे, ही गोष्ट खरी आहे. पण वाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर तिचा एक गुण तिच्या दोषांतच दडलेला होता. ती गळकी होती. दारे नीट मिटत नसत, फळ्यांमध्ये फटी असत, मागच्या भिंतीला जाळीची खिडकी असे, छताखाली बोटभर सांद असे. समोरून शिरलेला वारा ह्या शंभर छिद्रांतून आपली वाट काढीत असे. वाऱ्याला बाहेर जायला वाट ठेवली पाहिजे असा विचार सुताराने केला असो वा नसो, वाट आपोआप राहात होती.

पुढे ह्याच बाहेरच्या वाटेवाचून सारे अडले. त्यासाठी दोन शब्द वाऱ्याच्या स्वभावाविषयी सांगितले पाहिजेत. शास्त्राला बिचकणाऱ्या वाचकाने घाबरू नये.

गाडी पुढे धावते तेव्हा समोरची हवा तिच्या तोंडावर दाबली जाते. हा दाब सर्वांत जास्त असतो तो समोरच्या काचेच्या पायथ्याशी, जेथे बॉनेट संपते आणि काच सुरू होते. उलट केबिनीच्या कडांवरून वळसा घेताना हवा वेग घेते आणि तेथे दाब कमी होतो. केबिनीच्या पाठीमागेही तो कमीच असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला समोरचा हा जादा दाब पाण्याच्या सुमारे ७ मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा भरतो, ताशी ६० ला सुमारे १६ मिलिमीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढ्या दाबाने हातभर झडपेतून पदर उडविणारा झोत आत येतो. मात्र एका अटीवर. आलेल्या हवेला कोठून तरी बाहेर पडता आले पाहिजे. बाहेरची वाट बंद असेल तर केबिन क्षणात भरून जाते, आतला दाब बाहेरच्याएवढा होतो आणि झडप सताड उघडी असूनही वारा उंबरठ्यावरच थबकतो. पुढची झडप दुप्पट मोठी केली आणि मागची फट होती तेवढीच ठेवली, तर वारा जवळजवळ होता तेवढाच राहतो. दोन दारांच्या घरात वारा किती वाहील हे लहान दार ठरविते. चौसोपी वाडे बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून दिंडीदरवाजासमोर परसदार असे.

मोटारी बांधणाऱ्यांना ते उमजायला वेळ लागला. पहिला उपाय सर्वांनाच सुचला: समोरची काच वरच्या बाजूला बिजागरी लावून बाहेर उघडायची. युद्धकाळातल्या कित्येक लष्करी लॉऱ्यांना अशी काच होती. जीपची तर अख्खी काच बॉनेटवर निजविता येई. दुसरा उपाय बॉनेटच्या मागे, काचेच्या पायथ्याशी बसविलेल्या झडपेचा. आतला दांडा पुढे लोटला की झडप उघडे आणि वारा गुडघ्यांवर येई. दाब सर्वांत जास्त असलेली जागा ती हीच, म्हणून उपाय नामी होता. तिसरा उपाय म्हणजे दाराच्या खिडकीतली तिकोनी काच. जनरल मोटर्सच्या फिशर कारखान्याने १९३३ साली ती मोटारींत आणली आणि पुढे ती जगभर पसरली. ही काच थोडी उघडली तर तिच्या कडेपाशी दाब उतरतो आणि आतली हवा बाहेर ओढली जाते. पुरती फिरविली तर तीच काच बाहेरचा वारा सुपासारखा आत लोटते. एकाच काचेला येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही वाटा करता आल्या, ही त्या काळची मोठी युक्ती होय. जुन्या ड्रायव्हरांच्या बोटांना तिचा नेमका कोन पाठ असे.

शेवरोलेटने १९४७ साली अमेरिकेत नव्या घाटाच्या मालमोटारी काढल्या तेव्हा 'श्वास घेणारी केबिन' अशीच त्यांची जाहिरात केली होती. बाहेरची ताजी हवा आत घ्यायची आणि वापरलेली बाहेर सोडायची, ही दोन्ही कामे केबिनीनेच करावीत ही कल्पना त्या जाहिरातीत स्पष्ट होती. श्वासाला उच्छ्वास लागतो, हे त्या शब्दाच्या निवडीतच आले. प्रवासी मोटारीत ह्या विचाराने खरे घर केले ते १९६४ साली. इंग्लंडातल्या फोर्ड कॉर्टिनाने समोरच्या फळीवर वाऱ्याची तोंडे दिली आणि मागच्या खांबांवर हवा बाहेर सोडणाऱ्या जाळ्या बसविल्या. काचा मिटलेल्या असूनही गाडीत वारा खेळू लागला. आज आपण सर्वांनी ती सोय इतकी गृहीत धरली आहे की तिला कधी काळी शोध म्हणत असत हे सांगावे लागते.

ह्या सुधारणा आपल्या रस्त्यावरच्या मालमोटारींपर्यंत का पोहोचल्या नाहीत? येथून पुढे हा इतिहास पत्र्याचा न राहता माणसांचा होतो.

स्वातंत्र्यानंतर परदेशी जोडणीवर भागविण्याचे दिवस संपले. ज्यांना इथे सुटे भाग घडविण्याची तयारी नव्हती त्यांनी गाशा गुंडाळला. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला. त्याच १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारी येऊ लागल्या. हा करार १९६९ पर्यंत चालला. नंतर तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन टाटांचे अक्षर आले. प्रीमियरच्या डॉज आणि फार्गो, अशोक लेलँडच्या कॉमेट, हिंदुस्तान मोटर्सच्या बेडफर्ड ह्याही त्याच रस्त्याने धावत होत्या. एंजिन सुधारले, गिअरपेटी सुधारली, भार वाहण्याची ताकद वाढली. चॅसी विकण्याचा रिवाज मात्र होता तेथेच राहिला. जर्मन अभियंत्याने आपल्या केबिनीसाठी वाऱ्याचा जो काही विचार केला असेल तो जर्मनीतच राहिला. इकडे आली ती केबिनीवाचूनची गाडी. सुताराच्या हाती समोरचा पत्रा आणि काच येई, आणि त्यामागे काय बांधायचे हे मालकाची थैली ठरवी.

आणि मालकाची थैली हौद्यासाठी सैल होई, केबिनीसाठी घट्ट. ह्यात मालकाला राक्षस ठरविण्याचे कारण नाही. बहुतेक मालक एका किंवा दोन गाड्यांचे धनी, कर्जाने वाकलेले. पुष्कळांनी स्वतःच ड्रायव्हरी केलेली. हौदा वीतभर लांब झाला तर प्रत्येक खेपेला चार पैसे अधिक. केबिनीला झरोका ठेवला तर त्याचे भाडे कोण देणार? ह्याच हिशेबाने पुढे चपट्या तोंडाच्या गाड्यांना मागणी आली. ड्रायव्हरला एंजिनाच्या मागे बसविण्याऐवजी एंजिनाच्या शेजारी बसविले की तेवढ्याच लांबीच्या गाडीत हौदा मोठा होतो. पण मग एंजिन केबिनीतच येते. ड्रायव्हर आणि क्लीनर ह्यांच्या मधोमध, एका झाकणाखाली. त्यातले पाणीच ऐंशी-नव्वद अंशांवर फिरत असते; धुराचा नळ तर त्याहून कितीतरी तापतो. त्या झाकणावर गोणपाट, रेग्झिन, जुनी गादी काय मिळेल ते घालून माणसे आपले मांडीपाय वाचवीत आली आहेत.

वारा नसला की हे झाकण काय करते हे पाहावयाचे असेल तर दिवे घाटाइतकी चांगली जागा नाही. चढावर भरलेली गाडी ताशी दहा किलोमीटरला येते. वर सांगितलेला वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग एक चतुर्थांश झाला की दाब सोळावा हिस्सा उरतो. ताशी ४० ला जो ७ मिलिमीटर होता तो ताशी १० ला अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येतो, आणि केबिनीतून वाहणारा वारा पावपट होतो. नेमक्या ह्याच वेळी एंजिन आपली सारी ताकद लावून कण्हत असते आणि सर्वांत जास्त तापलेले असते. म्हणजे जेव्हा वारा सर्वांत जास्त हवा तेव्हा तो सर्वांत कमी मिळतो. सपाटीवर वाऱ्यावर भरवसा ठेवणारी प्रत्येक युक्ती घाटात हात टेकते. तीच गत जकातनाक्यांवर होई. पुण्यात २०१३ पर्यंत जकात होती. शहराच्या वेशीवर पावती फाटेपर्यंत ट्रकांच्या रांगा उन्हात उभ्या राहात, आणि उभ्या गाडीत तर झडपही शोभेचीच.

दुसरी एक खोड अनुभवी ड्रायव्हरांना माहीत असते, पण तिचे कारण थोड्यांनाच ठाऊक असते. उकडते म्हणून दोन्ही बाजूंच्या काचा पुरत्या खाली केल्या, तरी पायांना बसणारा चटका कमी न होता उलट वाढतो. ह्यात भ्रम नाही. धावत्या गाडीच्या बाजूंना दाब कमी असतो, म्हणून उघड्या खिडक्या केबिनीतली हवा बाहेर ओढतात. ती जागा भरायला हवा कोठून येणार? समोरची झडप नसेल किंवा गंजून बसली असेल, तर ती येते खालून: पेडलांच्या भोकांतून, गिअरच्या दांड्याभोवतीच्या फाटक्या रबरातून, स्टिअरिंगच्या दांड्याजवळच्या सांदीतून, एंजिनाच्या झाकणाच्या कडेने. म्हणजे एंजिनावरून तापून, तेलाचा आणि धुराचा वास घेऊनच ती आत शिरते. ड्रायव्हरच्या तोंडाला वारा लागतो, पायांना आग, आणि नाकात विष. ह्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग ना वास; तो आधी सुस्ती आणतो, डोके जड करतो. घाटातल्या आणि रात्रीच्या अपघातांना आपण 'डुलकी लागली' असे एक सोपे नाव देऊन मोकळे होतो. ती डुलकी कधी कधी पायांशी असलेल्या भोकांतून आलेली असते.

ड्रायव्हरांनी आपल्यापुरते उपाय शोधले. ओला पंचा मानेवर टाकायचा, जमेल तेव्हा रात्रीचा प्रवास करायचा, आणि घाट लागला की दार अर्धवट उघडे धरून चालवायचे. पण सोलापूरकडे वैशाखात पारा चाळिसाच्या वर जातो. त्वचेच्या उष्णतेहून हवा अधिक तापली की वारा अंगाला थंड करीत नाही, घाम आहे तोवरच करतो. घाम सुकला की तोच वारा भाजतो. म्हणून त्या दिवसांत ड्रायव्हर काचा लावून घेतात आणि खोके आणखी तापते. वाऱ्याच्या विद्येची मर्यादा ती हीच.

आता पुन्हा हडपसरला येऊ. ज्या काळात हे ट्रक गाडीतळावरून सोलापूरकडे जात होते, त्याच काळात रस्त्याच्या आसपास कारखाने उभे राहू लागले. किर्लोस्करांनी १९५८ साली हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक काढली. हवा दाबून तिच्याकडून काम करून घेणारी यंत्रे तेथे होऊ लागली, आणि पुढे शीतकरणाचीही. शेजारी मुंढव्याला १९६१ साली भारत फोर्ज स्थापन झाली. मालमोटारींचे क्रँकशाफ्ट आणि पुढच्या आसांचे तुळवे घडविण्यात तिने पुढे जगात नाव मिळविले. हवेची यंत्रे आणि ट्रकांची हाडे दोन्ही ह्या एका परिसरात घडत होती. ह्या कारखान्यांतल्या कामगाराच्या वाऱ्याची कायद्याने काळजी घेतली होती. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रत्येक कारखान्यात ताज्या हवेचे पुरेसे अभिसरण आणि कामगाराला सोसवेल असे उष्णतामान राखणे मालकावर बंधनकारक केले. १६ व्या कलमाने तर माणशी हवेचे मापच ठरविले: नव्या कारखान्यात दर कामगारामागे ५०० घनफूट, म्हणजे सुमारे १४ घनमीटर.

मालमोटारीची केबिन मोजून पाहा. सव्वादोन मीटर रुंद, दीड मीटर उंच, दीड मीटर खोल धरली तर पाच घनमीटरांचे माप भरते. त्यात ड्रायव्हर, क्लीनर आणि कित्येकदा एखादा वाटेतला उतारू. धावत्या केबिनीत हवा झपाट्याने पालटते, म्हणून हे दोन आकडे समोरासमोर मांडणे पुरते न्याय्य नाही, हे मान्य. पण कारखान्याच्या कामगारासाठी मोजमाप तरी होते. फाटकातून माल भरून बाहेर पडणाऱ्या ड्रायव्हरसाठी फाटकाबाहेर कोणतेच माप नव्हते. एकाच मालाच्या मागे राबणारी दोन माणसे, आणि एका कुंपणाने त्यांची हवा वेगळी केली.

मोटार कामगारांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा आला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, विश्रांतीच्या खोल्या, उपाहारगृहे, गणवेश, प्रथमोपचार अशा चांगल्या गोष्टी त्यात होत्या. पण तो लागू होई पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला, आणि दोन ट्रकांचा मालक त्यातून सहज निसटे. शिवाय तो ड्रायव्हरला विसाव्याची खोली देत होता. ज्या खोलीत त्याचे आयुष्य जाई तिच्याविषयी गप्प होता. संसदेने २०२० साली संमत केलेल्या संहितेत १९४८ चा आणि १९६१ चा, हे दोन्ही कायदे एकत्र सामावले. पण कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे असा भेद सात दशके चालला, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही.

दोष कोणाचा, असा प्रश्न केला तर उत्तर देणे अवघड आहे. कारखानदार म्हणे, आम्ही चॅसी विकतो, केबिन आमची नव्हे. मालक म्हणे, मी सुताराला पैसे दिले. सुतार म्हणे, मालकाने सांगितले तसे बांधले. सरकार ब्रेक पाही, दिवे पाही, भार पाही. चौघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, आणि ड्रायव्हरचा वारा चौघांच्या मधल्या फटीतून निसटून गेला होता. जे काम कोणाच्याच नावावर लिहिलेले नसते ते होत नाही. घरात आणि राज्यात अनुभव एकच.

पुण्यापुरते बोलायचे तर १९६६ हे साल महत्त्वाचे. त्या साली टेल्कोने पिंपरी-चिंचवडच्या भागात आपला कारखाना उभारायला घेतला, आणि त्याच साली मोटारींच्या संशोधनासाठी एआरएआय ही संस्था पुण्यात स्थापन झाली. वाहनांची कसून परीक्षा घेण्याची विद्या ह्या शहरात रुजली. १९८६ साली पुण्यातच घडलेली टाटा ४०७ रस्त्यावर आली. कारखान्यात दाबून काढलेल्या पोलादी केबिनीचे दिवस येत चालले होते.

पोलादी केबिन मजबूत, नेटकी आणि धूळबंद. पण ती गळत नाही, आणि येथे सुताराच्या केबिनीने फुकट दिलेली गोष्ट विकत घ्यावी लागते. नव्या घट्ट केबिनीचे दार जोराने लावा. कानात दडा बसल्यासारखे होते, किंवा दार शेवटच्या बोटभर अंतरावर अडून परत येते. आत कोंडलेल्या हवेने त्याला मागे ढकललेले असते. हाच कोंडमारा धावत्या गाडीत समोरच्या वाऱ्याला उंबरठ्यावर अडवितो. म्हणून चांगल्या पोलादी केबिनीच्या मागच्या भिंतीत किंवा दाराच्या कडेला, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, रबराच्या पातळ पाकळ्यांची एक झडप ठेवतात. आतला दाब वाढला की पाकळ्या बाहेर उचलल्या जातात. बाहेरून धूळ किंवा धूर आत येऊ पाहील तर त्या मिटून बसतात. चार आण्यांची वस्तू म्हणावी अशी ती झडप. पण तिच्यावाचून समोरची सारी जाळी-तोंडे मुकी होतात.

आपल्याकडे वातानुकूलित केबिन पाहण्यात आली ती मुख्यत्वे १९९८ नंतर, व्होल्वोचे ट्रक भारतात येऊ लागल्यावर. खाणी आणि मोठे मार्ग एवढ्यापुरतीच ती चैन राहिली. सार्वत्रिक नियम व्हायला आणखी पाव शतक लागले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२३ च्या जुलैमध्ये मसुदा काढला आणि डिसेंबरमध्ये अखेरची अधिसूचना. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून जड अशा सर्व मालमोटारींच्या केबिनी वातानुकूलित असल्या पाहिजेत, असे तिने ठरविले. ड्रायव्हरचा वारा शेवटी कोणाच्या तरी नावावर लिहिला गेला: गाडी बनविणाऱ्याच्या. इतिहासाच्या दृष्टीने ह्या अधिसूचनेचे महत्त्व थंडाव्याइतकेच ह्या नावनोंदीत आहे. चार जणांच्या मधली फट तिने बुजविली.

तरी दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली अशी की नियम नव्या गाड्यांचा आहे. त्या तारखेच्या आधी बांधलेले ट्रक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती वर्षानुवर्षे धावतात, आणि गाडीतळावरून जाणाऱ्या रांगेत त्यांचीच संख्या दीर्घकाळ मोठी राहील. दुसरी अशी की थंड हवेच्या यंत्रालाही बाहेरची वाट लागते. ताजी हवा न घेता तीच ती हवा फिरवीत राहिले तर दोन माणसांच्या श्वासाने ती जड होते. आणि तळाची भोके उघडी असतील तर यंत्र एका बाजूने थंड करते आणि एंजिन दुसऱ्या बाजूने तापविते.

म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्याने, मग ती पोटासाठी असो की हौसेसाठी, तीन कामे क्रमाने करावीत. ती गॅरेजमध्ये एका दिवसात होतात. आधी खालची वाट बंद करावी: पेडलांची, गिअरची, स्टिअरिंगची रबरे नवी घालावीत आणि एंजिनाच्या झाकणाखाली उष्णता अडविणारा थर द्यावा. मग पुढची वाट उघडावी: बॉनेटमागची झडप गंजून चिकटली असेल तर सोडवून तिला जाळी आणि पाणी निथळायला नळी द्यावी, तिकोनी काचेच्या खिट्टीत तेल सोडावे. शेवटी मागची वाट द्यावी: मागच्या भिंतीत, छताच्या जवळ, पुढच्या झडपेहून लहान नसलेली, एकाच दिशेने उघडणारी. गरम हवा वर चढते, म्हणून जागा वरचीच बरी. आणि हौद्यातला माल किंवा धुराचा नळ तिच्या तोंडाशी येणार नाही एवढे पाहावे. घाटासाठी आणि उभ्या गाडीसाठी विजेचा लहान पंखा त्या झडपेवर बसवावा, कारण तेथे वेगाचा वारा कामाला येत नाही. क्रम उलटा केला, म्हणजे तळ उघडा ठेवून मागची वाट आधी दिली, तर ती वाट एंजिनाचा धूर केबिनीतून ओढून नेईल. पूर्वी असे पुष्कळांनी केले आणि झडपेला दोष दिला.

शंभर वर्षांच्या ह्या खटपटीत मोठ्या यंत्रविद्येचे काम थोडेच होते. दाबाचा हिशेब शाळेतल्या पुस्तकात होता, झडपेचा पत्रा कोणत्याही लोहाराकडे होता, रबर बाजारात होते. नव्हती ती एवढीच गोष्ट, की त्या बाकावर बसलेल्या माणसाला वारा लागतो हे कोणीतरी आपले काम मानणे. दिवाळीच्या फराळाचा रवा, साखर आणि तेल ज्याच्या खेपेने आपल्या घरी पोहोचले, तो आज रात्रीही दिवे घाट चढत असेल. त्याची केबिन १ ऑक्टोबर २०२५ च्या आधीची असण्याचाच संभव अधिक आहे.